डावा खांदा

निवड चाचणीतल्या यंत्राने तेरा वर्षांच्या शेवंताचा उजवा खांदा तपासून तो पंचविशीत कसा होईल ते ताडलं आणि निकाल दिला: बेसबॉलसाठी अयोग्य. निवड करणाऱ्या ढगेबाईंनी पुढचं नाव पुकारलं.

जाता जाता शेवंताने पायाशी घरंगळत आलेला चेंडू उचलून बाईंकडे भिरकावला. बाईंनी तो झेलला खरा, पण तळवा झणझणला. चेंडू शेवंताच्या डाव्या हातातून आला होता.

“अगं, उजवा म्हणालीस ना?”

“तुम्ही विचारलंत, जेवतेस कुठल्या हाताने. घरी डाव्याने जेवू देत नाहीत.”

“आणि फेकायला कुठे शिकलीस?”

“ज्वारीवरची पाखरं हाकताना.”

बाईंचं बोट पुन्हा यंत्राच्या बटणाकडे गेलं आणि थांबलं.

“राहू दे,” लाल झालेला तळवा चोळत त्या म्हणाल्या, “यंत्राला सांगू सावकाश. तू उद्यापासून ये.”