रेजिनची साक्ष

"स्वतःसाठी कधी काही मागितलं तिने?" बिशप हाऊसमधून आलेल्या फादरांनी विचारलं. कातरीनला संत ठरवावं की नाही, याची चौकशी सुरू झाली होती, आणि तिच्याविषयी सांगायला धाकटी बहीण रेजिन तेवढी उरली होती.

विहिरीत पडून कमरेखाली लुळी झालेली कातरीन चौतीस वर्षं खाटेवर होती. सारी वसई तिच्याकडे प्रार्थना करवून घ्यायला यायची. तिचं हगणं-मुतणं मात्र रेजिनने काढलं.

"एकदाच मागितलं," रेजिन म्हणाली. "पहिल्या वर्षी. गाडीत घालून मला समुद्रावर ने, म्हणाली. मी दिवसभर वाडीत राबून आले होते. म्हटलं, 'तेव्हाच मेली असतीस तर मी सुटले असते!' त्यानंतर तिने कधी पाणीसुद्धा मागितलं नाही. मी देईपर्यंत वाट बघायची. तिला सोशिक म्हणू नका, फादर. ती मला भ्यायची."

हे तिने कन्फेशनमध्येही कधी सांगितलं नव्हतं. आता फादर चिडतील, प्रायश्चित्त देतील, असं तिला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"केवढी ही सहनशीलता!" असं पुटपुटत ते भराभर लिहू लागले. मग त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. रेजिनने सही केली.

रविवारी ती माफी मागायला कातरीनच्या कबरीवर गेली, तर तिथे रांग लागलेली. ती शेवटी उभी राहिली.

"काहीही मागा, बाय," पुढची बाई वळून म्हणाली. "ही कुणालाच नाही म्हणत नाही."

रेजिन तशीच मागे फिरली.