चार बोटं तांबूस केस

"बाई, मान अजून थोडी मागे," ती म्हणाली आणि मगमधलं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं. गार होतं. रंगवलेल्या केसांना गरम पाणी चालत नाही, हे तिने बाईंना दीड वर्षात शंभरदा सांगितलं होतं. तरी दर रविवारी बाईंच्या घरी येऊन पाणी तीच काढायची. बाईंवर तिचा विश्वास नव्हता असं नाही. स्वतःवर नव्हता.

बाई शाळेत शिकवायच्या. सौम्य शाम्पूने डोकं धुऊन कंडिशनर लावला की दहा मिनिटं थांबावं लागे. तेवढ्यात त्या स्टुलावर बसून मुलांच्या वह्या तपासत. मग ती मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर वर गुंता सोडवायची आणि जुन्या सुती बनियनने केस टिपायची, कारण टॉवेलाने कुरळे केस पिंजतात. एवढे लाड तिने पोटच्या लेकीच्या केसांचेही केले नव्हते.

केस आता खांद्यापर्यंत आले होते. वरचे नवे, काळे, त्यात बरेच पांढरे. खालची चार बोटं मात्र अजून तांबूस होती. त्या दिवसाची तेवढीच खूण उरली होती आणि आज ती कापायची होती. म्हणजे पुढच्या रविवारी यायला काही कारणच नव्हतं. बोलायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही.

दीड वर्षापूर्वी पार्लर तिचं स्वतःचं होतं. तीन खुर्च्या, हाताखाली दोन मुली. नव्या गिऱ्हाइकाला ती तीन प्रश्न विचारायचीच. केस सरळ करून घेतले होते का? घरी डब्यातली मेंदी किंवा रंग लावलाय का? डोक्याची कातडी कुठे सोललीय का? एकालाही 'हो' आलं तर ती रंगाच्या मलमाचं झाकण उघडत नसे; अशा डोक्यावर केस जळतात. बाईंनी तिन्हींना 'नाही' म्हटलं. भावाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांना तांबूस छटा हवी होती. काळेभोर, चमकदार केस होते, औषधालाही पांढरा दिसत नव्हता.

तिने मलम लावलं, गजर लावला आणि तेवढ्यात बहिणीचा फोन आला. ती मागच्या खोलीत गेली. गप्पा रंगल्या. गजर वाजला तो तिला ऐकूच आला नाही.

दहा मिनिटं उशीर झाला होता. बाई म्हणत होत्या, डोकं फार तापलंय हो. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. धुवायला घेतलं तर केस बोटांत तुटून आले, ओल्या दोऱ्यांसारखे.

"रंगाचा डबाच खराब निघाला," ती म्हणाली. खोटं कसं तोंडातून निघून गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. बाई रडल्या, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, तुमचा काय दोष. ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. दहा मिनिटांत एवढं होतं का, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. पण तसा विचार करणं म्हणजे स्वतःलाच सूट दिल्यासारखं वाटलं आणि तिला आणखीच लाज वाटली.

त्यानंतर रंगाचा ब्रश उचलला की ती तो तसाच परत ठेवून द्यायची. तीन महिन्यांत खुर्च्या विकल्या. आता ती दुसरीच्या पार्लरमध्ये डोकी धुते, आणि ती दुसरी म्हणजे तिनेच शिकवलेली मुलगी. बाईंच्या नव्या केसांत पांढरे दिसू लागले तेव्हा तेही तिने आपल्याच माथी मारून घेतलं.

दिवाणखान्यात खिडकीपाशी बाईंच्या सासूबाई बसलेल्या असत. कानाने अधू, तोंडाने नव्हे. तिला पाहिलं की त्यांना बोलायचं असे, पण बाई त्यांना दोन वाक्यंही पुरी करू देत नसत. आई, तुमची गोळी राहिली. आई, ताईंना उशीर होतोय. बाईंना आपली किती काळजी, असं वाटून ती अजूनच खाली मान घालायची.

आज तिने बाईंना तिथेच आरशासमोर बसवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि कात्री चालवली. शेवटची बट खाली पडली आणि ती एका दमात बोलून गेली.

"बाई, डबा खराब नव्हता. मी फोनवर बोलत बसले होते. दहा मिनिटं जास्त राहिलं ते. तुमचे केस माझ्यामुळे गेले."

वहीवरचं लाल पेन थांबलं. आरशात पाहिलं तर बाईंची नजर जमिनीवर.

"जाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

तिला रडू आवरेना. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईशी आपण दीड वर्ष खोटं वागलो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई पाणी आणते म्हणून घाईघाईने आत गेल्या.

ती खाली बसून केस गोळा करू लागली. सासूबाईंनी वाकून एक तांबूस बट उचलली आणि उजेडात धरली.

"गेले एकदाचे. मी तेव्हाच हिला सांगितलं होतं, उद्या पार्लरला जायचंय, तर आज ती डब्यातली काळी मेंदी थापू नकोस. पण पांढरे केस तुला दिसतील म्हणून लाजली गं ती."