ओळखीचं अक्षर

सत्तावन्न साली अर्जुनी मोरगावच्या महिला सेवा मंडळात अध्यक्षपदासाठी देवकाबाई गावच्या पाटलीणबाईंच्या विरोधात उभी राहिली. मंडळात वाटपासाठी येणारं दूध गरिबांच्या लेकरांपर्यंत पोचावं, एवढीच तिची इच्छा. मंडळातल्या बाकीच्या बायांना तिनेच खपून लिहायला शिकवलं होतं. "बाई, तुमालेच निवडून आनू," प्रत्येकीने सांगितलं होतं. मतदान झाल्यावर ग्रामसेविका एकेक चिठ्ठी उघडून दोघींनाही दाखवू लागली. मत देणारीचं नाव नसलं तरी देवकाबाई प्रत्येकीचं अक्षर ओळखत होती. स्वतःची चिठ्ठी सोडून सगळ्यांवर पाटलीणबाईंचंच नाव होतं. हार त्यांच्या गळ्यात पडला. बाया पांगल्यावर नंदाबाई मान खाली घालून जवळ आली. "काय करू, बाई? त्यायच्याच जमिनीतली धानाची बांधी करून राहिलो आमी. काढून घेतली तं खाऊ काय?" देवकाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अक्षर चांगलं सुधरलं वो तुजं," ती म्हणाली.