बुटाची खाच

क्रॅम्पॉन पुन्हा निसटला आणि खणकन फरशीवर आपटला. रोशनीने तो उचलून परत बुटाखाली धरला. बर्फात पाय घसरू नये म्हणून चढवायचे हे लोखंडी काटे पुण्याच्या एका गिर्यारोहकाने वापरून विकलेले, कालच कुरिअरने आले होते. दात जरा झिजलेले, पट्टा विटलेला, पण माल अस्सल होता. संध्याकाळी नाशिकरोडहून दिल्लीची गाडी होती आणि तिथून पुढे हिमालय.

इंदिरानगरातल्या तिच्या भाड्याच्या खोलीत तिचा बाप मंगळू पलंगाच्या कडेवर बसून कौतुकाने बघत होता. सरावासाठी घरी ठेवलेले तिचे बूट घेऊन तो सकाळीच इगतपुरीहून आला होता. लेक बर्फाच्या डोंगरावर निघाली याचं त्याला भारी अप्रूप. गाडीत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्याने पिशवीतून बूट काढून दाखवले होते.

"लय जोर नको लावू, तुटंल," तो म्हणाला.

"तुटत नाही बाबा. ही पुढची तार बुटाच्या खाचेत अडकते. मागे ही खिट्टी टाचेच्या खाचेत दाबली की झालं. पट्टा नुसता आधाराला."

तिने तार बसवली, खिट्टी दाबली. खिट्टी वर सरकून सुटली. तेव्हा कुठे तिने बूट उजेडात धरला आणि टाचेवरून बोट फिरवलं. खाच नव्हती. पुढेही नव्हती. तिथे काळं रबर गच्च भरून, वरून घासून गुळगुळीत केलेलं होतं.

"बाबा, याला काय केलं?"

मंगळू खुलला. लेकीच्या लक्षात आलं एकदाचं! "भेग पडली व्हती ना तिथं, पुढं न् मागं. जुने बूट, व्हायचंच. स्टेशनापाशी बूट शिवणारा बसतो, त्याच्याकडून बुजवून घेतली. मशीनवर घासून दिलं त्यानं. आता पाण्याचा थेंब आत यायचा नाय."

त्याचं तरी काय चुकलं? जन्मभर रेल्वेत गँगमन, इगतपुरीचे सगळे पावसाळे रुळांवर काढलेले. ओल्या बुटांनी त्याच्या पायांची बोटं कुजवली होती. बुटाला भेग दिसल्यावर असा माणूस गप्प बसेल?

रोशनीने सुरीने रबर उकरायला घेतलं. रबर निघालं, पण त्याखाली खाचेची कडच उरली नव्हती. मशीनने ती खाऊन टाकली होती. तिने मोहिमेच्या सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून दुसरा बूट उकरू लागली.

"मग खाच न लागणारे, पूर्ण पट्ट्यांचे क्रॅम्पॉन घ्यावे लागतील," सर म्हणाले. "तिकडे भाड्याने मिळतात. पण ते पायात हलतात; शेवटच्या बर्फाच्या भिंतीवर ते घालून मी कुणाला सोडत नाही, तुला माहीत आहे. दुसरे बूट?"

"माझ्या मापाचे मिळत नाहीत सर. हेच किती शोधून मिळाले."

"मग तू खालच्या कॅम्पवर थांब. शिखराचं पुढच्या वेळी बघू."

दुसऱ्या बुटाची कडही गेलेली होती. रोशनीने सुरी खाली टाकली. तिला भयंकर राग आला होता. पण तो काढायचा कुणावर? बाप तिच्याकडे नाही, बुटाकडे बघत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"घाल बूट," तो म्हणाला आणि खाली फरशीवर येऊन बसला.

"बाबा, राहू द्या."

"घाल म्हणतो ना."

तिने बूट घातला. मंगळूने तार बसवली, खिट्टी दाबली, पट्ट्याला दोन वेढे देऊन दात-ओठ खाऊन आवळला. मग दोन्ही हातांनी टाच गच्च पकडली. काटे त्याच्या मनगटाला लागत होते.

"आता उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. क्रॅम्पॉन हलला नाही.

"बसला की गं!" मंगळू खालून वर बघत म्हणाला. "हालव पाय. हालव. मी धरलाय तवर निघत नाय."

"सोडा बाबा," रोशनी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पकड आणखी आवळली.