वर्गाची वेळ

नारायणराव सतरंजीवर पालथे पडले होते आणि इंद्रभानचा हात त्यांच्या कमरेच्या वीतभर वर थांबला होता.

पिंपळगाव राजात बाजाराच्या ओट्यावर योगासनांचा आज पहिलाच वर्ग. काल रीतसर दवंडी दिली होती. कापूस वेचायला निघालेल्या बाया ओट्याकडे बघून हसत पुढे गेल्या. दिवसभर वाकणाऱ्यांना आणखी वाकायला कोण सांगणार? आला तो एकच माणूस, किराणा दुकानदार नारायणराव. गादीवर बसून बसून त्यांची कंबर दोन वर्षांपासून धरली होती. या वर्गापायी इंद्रभानने खामगावच्या जिनिंगची रखवाली सोडली होती. वर्ग चालला नाही तर पुन्हा त्याच फाटकाशी जाऊन उभं राहायचं, तेही त्यांनी ठेवून घेतलं तर.

"छाती वर उचला. कंबर खालीच राहू द्या," इंद्रभान म्हणाला.

नारायणरावांनी छाती उचलली, तशी कंबरही वर आली. अशा वेळी गुरुजींनी कमरेवर हात ठेवून दाब द्यायचा, हे अकोल्याच्या शिबिरात चाळीस दिवस घोटून घेतलं होतं. पण तिथे कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. इथे सगळ्यांना सगळं ठाऊक. इंद्रभानच्या वस्तीने धर्म बदलल्याला दहा वर्षं झाली होती, तरी याच नारायणरावांच्या दुकानात इंद्रभानच्या बायकोच्या पदरात मीठ वरूनच पडत होतं.

हात ठेवावा, तर पहिलाच विद्यार्थी उठून जायचा. न ठेवावा, तर त्याची कंबर आणखी धरायची आणि गावभर वर्गाचा बभ्रा व्हायचा.

"मास्तर, पाह्यत काय राह्यले? कंबर गेली माही! धरा ना!"

परवापर्यंत हाच माणूस त्याला 'काय बे इंद्रभान' म्हणायचा. इंद्रभानने हात ठेवला. आधी भीत भीत, मग शिकवलं होतं तसा, तळव्याचा पूर्ण भार देऊन. नारायणरावांनी लांब श्वास सोडला. थोड्या वेळाने ते उठून बसले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले आणि लहान पोरासारखे हसले.

"दोन वर्सांत पह्यल्यांदा मोकयी झाली! उद्या भगवंतराव, शंकरराव, चौघायले घेऊन येतो. फक्त एक करा मास्तर. वर्ग सहाच्या जागी पाचले ठेवा."

"काऊन?"

"आज मी आंघोय करून आलो. आता घरी जाऊन पुन्हा करा लागन. या थंडीत दोनदा कोन करन? पाचले ठेवला, तं इथून जाऊन एकदाच."

बोलण्यात जराही खोट नव्हती. ते मजेत टोपी झटकत होते.

"घाम येते म्हणून?" इंद्रभानने विचारलं. त्यांनी हो म्हणावं, अशी त्याची फार इच्छा होती.

"घाम कुठचा या थंडीत?" नारायणराव म्हणाले. "येतो मास्तर." आणि ताठ कमरेने चालत गेले.

घरी तानाबाई वाटच बघत होती. "किती जन आले?"

"एक. उद्या पाच."

"पाच!" तिचा चेहरा फुलला. "मंग तोंड काऊन असं?"

वर्ग चालला होता, इंद्रभानला आनंद व्हायला हवा होता. अपमान म्हणावा, तर गावात पहिल्यांदाच कुणी त्याला मास्तर म्हटलं होतं. तो परसात गेला, बादली ओढली आणि गार पाण्याचा लोटा डोक्यावर ओतला.

"आवो, सकाऊनच तं आंघोय करून गेलते ना तुमी?" तानाबाई धावत आली.

"हाव." थंडीने त्याचे दात वाजत होते. आपण हसतो आहोत की काय, हे त्याचं त्यालाच समजत नव्हतं. त्याने दुसरा लोटा भरला.

"त्याले मी शिवलो, तं मले तो नाही शिवला काय?"