हरलेल्यांची शाल

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी, सायंकाळी साडेपाच वाजता, अहमदपूरच्या बास्केटबॉल मैदानावर मुलींचा अंतिम सामना संपला. अहमदपूरने मुरुडला सात गुणांनी हरवले. सर्वोत्तम खेळाडूला नांदेडच्या शिबिरात जागा मिळायची होती. आणि जागा एकच होती.

संयोजक रुद्रेशने माईक घेण्यापूर्वीच गर्दीने "शिवानी, शिवानी" असा घोष आरंभला. अहमदपूरच्या या खेळाडूच्या मागच्या सामन्यातील उडीची अकरा सेकंदांची रील जिल्हाभर फिरली होती. आजही प्रेक्षकांचे मोबाइल चेंडूमागे नव्हे, तिच्यामागेच फिरत होते.

गुणलेखकाच्या टेबलामागून ईश्वरप्पा उठले. चाळीस वर्षांपूर्वी ते याच मैदानावर खेळत. तेव्हा सामन्याची बातमी तिसऱ्या दिवशी दोन ओळींत छापून येई. तोवर सामना पाहणाऱ्यांच्या तोंडून, एसटीत बसून, तो माहूरपर्यंत पोहोचलेला असे. त्यांनी पिशवीतून एक शाल काढली.

"पहिल्यासारखं करू. हरलेल्या टीमचा कॅप्टन ज्याला शाल पांघरील, तो बेस्ट."

"आप्पा, कोन्त्या जमान्यात हायत तुमी? दोन लाख लोकांनी पाहिलंय तिला!" रुद्रेश म्हणाला.

"पाहिलं दोन लाखांनी. सोसलं पाच जणींनी. त्यांना इचार की."

गर्दी हसली. रुद्रेशही हसला. "होऊन जाऊ द्या, आप्पा. तुमची बी हौस फिटंल. पांघरायची तर तिलाच हाय."

शिवानीने केस सारखे केले. तिच्यामागे, जमिनीवर बसून, तिच्याच संघातली चार नंबरची सुकन्या, मुरुडच्या मुलींना अडवता-अडवता सोललेल्या कोपरावर बाटलीतले पाणी ओतीत होती. गुणपत्रकात तिच्या नावापुढे दोनच गुण होते.

मुरुडची कर्णधार महादेवी शाल घेऊन निघाली. शंभरेक मोबाइल शिवानीवर रोखले गेले. महादेवी त्यांच्या चौकटीत शिरली आणि न थांबता दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. मोबाइल वळेपर्यंत शाल सुकन्येच्या खांद्यांवर पडली होती.

रुद्रेशने गोंधळून माईक पुढे केला. "हिला का गं?"

महादेवीने आधी शिवानीकडे पाहिले, मग ईश्वरप्पांकडे.

"शिवानी लई चांगली खेळती," ती म्हणाली. "पण आम्हाला हिनं हरवलं."