लपवायचं पिस्तूल

कमरेला लावलं तरी शर्टाखाली कुणाला कळू नये, म्हणून हार्लनने मुद्दाम तळहाताएवढं पिस्तूल घेतलं. गोळी मात्र पंचेचाळीस कॅलिबरची, जाडजूड, टेक्सासच्या माणसाला शोभेल अशी. मग वर्षभर गॅरेजमध्ये बसून त्याने हरणाच्या शिंगाची मूठ घासून बसवली, तिच्यावर आपली आद्याक्षरं कोरली, चाप लोण्यासारखा मऊ केला. इतकं देखणं काम, आणि बघणारी एकटी बायको. तीही म्हणाली, "छान आहे रे. आता जेवणाच्या टेबलावरून उचल."

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा न उचलणारा हार्लन थेट स्वयंपाकघरात घुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवरच्या बशा काढायला टाचा उंचावून उभा राहिला. शर्ट छान वर गेला. बायका घेवडा ढवळत राहिल्या. त्याने बशा परत वर ठेवल्या आणि परत काढल्या.

"वा, हार्लन!" मागून पास्टर म्हणाले. "मूठ शिंगाची का रे?"

"घरी घासलीय, पास्टर!" हार्लनची छाती फुगली. "तीन शिंगं फुकट गेली, तेव्हा कुठे ही जमली."

"सुरेख! बरं, सरक जरा. ती मोठी परात मी काढतो."

परात खालच्याच फळीवर होती. पास्टरांनी मात्र आशीर्वाद देताना करतात तसे दोन्ही हात उंच केले. कोट हळूहळू वर सरकला.

त्यांची मूठ चांदीची होती.